आबांची बिडी, आईची मिश्री

ही हकिकत छापायला द्यावी की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. आबा म्हणाले, "घरची उणीदुणी गावाला कशाला दावायची?" आई आधी गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "लिवा. पर एकट्या त्यांचंच लिवू नका. माझं बी लिवा." म्हणून लिहीत आहोत. आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि धाकटी बहीण. थोरल्याचं बिऱ्हाड कोल्हापुरात, बाकीचे इथं मलकापुरात. बहीण शाहूवाडी तालुक्यात आशा सेविका आहे. या गोष्टीतली अर्धी अक्कल तिची, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात आषाढी पौर्णिमेला झाली. वर्षावास लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. इकडे आंब्याच्या घाटातून पाऊस उतरतो तो थांबायचं नाव घेत नाही. बाया-माणसं पोती पांघरून येतात, मुलं खोकत बसतात. आबा मात्र आत यायचे नाहीत. विहाराच्या ओट्यावर, पत्र्याखाली, उकिडवे बसून बिडी ओढायचे. वंदनेला आत, पंचशील झालं की बाहेर. एकदा बहिणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, पाचवं शील म्हणता आणि बिडी ओढता, हे कसं?" आबांनी बिडी कानावर खोचली आणि म्हणाले, "शिलात दारू हाय. बावीस प्रतिज्ञांत बी दारू हाय. ती मी थोरला झाला तवाच सोडली, अजून शिवलो न्हाई. त्यात बिडीचं नाव कुठं हाय ते दाखव, आत्ता फेकतो."

ओट्यावरची म्हातारी मंडळी हसली. आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्यांनी दारू सोडली हेच आमच्या घरावर मोठे उपकार होते, हे आम्हीही जाणून होतो.

आबांना बिडी लागली ती मुंबईत. १९७१ साली गावाकडच्या माणसाच्या ओळखीनं ते गिरणीत चिकटले, साचा खात्यात. त्यांच्या आज्याच्या काळी आपल्या माणसाला साचा खात्यात पाऊल ठेवू देत नसत. तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न मांडला होता. आबांना याचा अभिमान आहे. "मी साच्यावर उभा ऱ्हायलो," असं ते आजही सांगतात. पण खात्यात कापूस, त्यामुळं काडी ओढायला बंदी. बिडीसाठी बाहेर जावं लागे. आणि इथंच खरी मेख आहे. बिडी ओढणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर जाता येई. न ओढणाऱ्यानं नुसतं पाय मोकळे करायला जातो म्हटलं तर त्याला कामचुकार म्हणत. पुढं १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आबा मलकापुरात परत आले आणि बाजारात हमाली करू लागले. तिथंही तेच. पोती उतरवताना मुकादम बसू देत नसे, पण बिडी पेटवली की तो स्वतःच काडी मागायला येई. आमच्या बापानं आयुष्यभर जी विश्रांती घेतली, ती बिडीच्या नावावर घेतली. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं, तर पुढची एक गोष्ट आमच्या हातून झाली नसती.

२०११ च्या सुमाराला आबांना दम लागू लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग अंघोळीला पाणी काढताना. रात्री उशाशी दोन उश्या, सकाळी तासभर खोकला. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावली, कागदावर औषध लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "बिडी सोडा, नाहीतर मरा." एवढंच. कशी सोडायची ते सांगितलं नाही. बाहेर आल्यावर आबांनी पहिली काय केली असेल तर बिडी पेटवली. भ्यालेला माणूस आणखी काय करणार?

मग आम्ही तिघंही त्यांच्यामागं लागलो. खिसे तपासायचो. उशीखालचं बंडल पळवायचो. नातवंडांना पढवून ठेवलं होतं की आजोबांना 'घाण वास येतो' म्हणायचं. एका बुद्धजयंतीला घरात पाव्हणे होते. मोठ्यांच्या पाया पडून झाल्यावर आमच्यातल्या थोरल्यानं सगळ्यांदेखत आबांच्या खिशातलं बंडल काढलं आणि चुलीत टाकलं. वर म्हणाला, "बाबासाहेबांच्या लेकरांना हे शोभत नाही." आबा काही बोलले नाहीत. खाली मान घालून जेवले. पुढं आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत आणि बिड्या दोन बंडलांवरून तीन बंडलांवर गेल्या. बापाला पोरांनी पाव्हण्यांसमोर उघडं पाडलं, असं आई म्हणाली. ते खरंच होतं.

बहिणीच्या आशा प्रशिक्षणात तंबाखूवर एक दिवस होता. तिथून ती परत आली ती वेगळंच बोलत. "आपण चुकतोय," म्हणाली. "ही खोड नाही, हे अवलंबन आहे. आबांना दमा-खोकल्याचं औषध लागतं तसं याचंही औषध लागतं." तिनं आणलेले कागद वाचले, आणि त्यानंतर आम्हालाच नाद लागला. हे औषध शोधलं कुणी? का शोधलं? जे सापडलं ते वाचकांना थोडक्यात सांगतो. आम्ही काही डॉक्टर नाही, पण या माणसांची नावं आपल्या घरात माहीत असावीत असं वाटतं.

लंडनमध्ये मायकेल रसेल नावाचे डॉक्टर होते. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले. धूम्रपान ही निव्वळ सवय नसून निकोटीनचं व्यसन आहे, हे त्यांनी सत्तरच्या दशकात ठासून मांडलं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो धुरातल्या डांबरानं. म्हणजे निकोटीन धुराशिवाय, थोडं थोडं, काही आठवडे दिलं आणि मग कमी करत नेलं, तर माणूस सुटू शकतो. याच रसेल यांनी १९७९ साली आणखी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लंडनमधले २८ साधे दवाखानेवाले डॉक्टर घेतले, २,१३८ धूम्रपान करणारे रोगी घेतले. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सोडण्याचा सल्ला दिला, एक पत्रक दिलं आणि 'पुढं विचारणार आहे' असं बजावलं. वर्षानंतर पाहिलं तर न सांगितलेल्यांत सोडून टिकलेले ०.३ टक्के आणि सांगितलेल्यांत ५.१ टक्के. आकडा लहान दिसतो. पण दोन मिनिटांचा खर्च किती? आमच्या त्या डॉक्टरांनी मान वर करून दोन मिनिटं दिली असती तर, असं मनात येतंच.

निकोटीनच्या च्युइंगमची गोष्ट स्वीडनची. क्लास लुंडग्रेन नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की पाणबुडीत धूर करायला बंदी असल्यानं खलाशी तिथं तंबाखू चघळतात आणि त्यांचं भागतं. त्यांनी १९६७ साली ओव्हे फेर्नो या औषधशास्त्रज्ञाला तसं कळवलं. फेर्नो स्वतः धूम्रपान करणारे. त्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून निकोटीनचं च्युइंगम बनवलं. पाणबुडीतल्या खलाशांना तंबाखू चघळून भागतं हे आपल्या कुठल्याही हमालानं फुकट सांगितलं असतं, पण त्याला विचारतं कोण?

यापुढची गोष्ट आईला ऐकवली तेव्हा ती हातातलं काम ठेवून बसली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात मरे जार्विक नावाचे डॉक्टर होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या तंबाखूच्या शेतात ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना चक्कर येते, मळमळतं, उलट्या होतात, हे ऐकून होते. माणूस ओढत नाही, चघळत नाही, तरी तंबाखू लागते. म्हणजे निकोटीन कातडीतून आत जातं. मग तेच औषध का होऊ नये? जार्विक आणि त्यांचे सहकारी जेड रोझ यांना दुसऱ्या माणसांवर प्रयोग करायची परवानगी मिळेना. तेव्हा त्यांनी तंबाखू स्वतःच्याच अंगाला लावून पाहिली. नाडी वाढली, अंगात तरतरी आली. १९८४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यातून कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी निघाली. तिला १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आई म्हणाली, "ह्यात नवं काय हाय? वखारीत माझ्या आईला पैल्या आठ दिसांत रोज वकाऱ्या व्हायच्या. समद्या बाया म्हणायच्या, तंबाकू अंगात भिनतीया, भिनंल हळूहळू."

आईचं माहेर निपाणीकडचं. तिची आई, म्हणजे आमची आजी, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करायची. आईही लहानपणी तिच्याबरोबर जाई. तोंडाला पदर, डोळ्यांत भुकटी, संध्याकाळी घरी आल्यावर लेकराला जवळ घ्यायच्या आधी हात तीनदा धुवायचे, तरी पाजताना मूल तोंड फिरवायचं. त्याच निपाणीत १९२५ साली प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब तिथं आले होते. आजीच्या वडिलांनी त्यांना दुरून पाहिलं, असं घरात सांगतात. तंबाखूनं त्या भागातल्या कितीतरी घरांची चूल पेटवली, हेही नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांना ज्या गोष्टीचा शोध लागला ती आमच्या आजीच्या कातडीला ठाऊक होती. पेटंट मात्र विद्यापीठाला मिळालं. असो. जार्विक यांनी स्वतःच्या अंगावर प्रयोग केला, एवढ्यासाठी आम्ही त्यांना मानतो.

आपल्याकडेही काम झालं नाही असं नाही. लंडनच्या डॉल आणि हिल यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यानंतर पाचच वर्षांनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी बिडी आणि तंबाखू चघळणं यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पुढं टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या तुकडीनं पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडं तपासली. १९७२ साली ते प्रसिद्ध झालं. नंतर मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांनी केरळ, आंध्र आणि गुजरातच्या खेड्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजार लोकांपुढं दहा वर्षं काम केलं. औषध एकच, समजावून सांगणं. ज्यांनी सोडली त्यांच्या तोंडात पांढरे चट्टे नव्यानं उठण्याचं प्रमाण घटलं. म्हणजे सोडल्याचा उपयोग होतो, तोही आपल्यासारख्या माणसांना, आपल्यासारख्या गावांत. २००२ पासून देशात तंबाखूमुक्ती केंद्रं निघाली, त्यात मुंबईचं टाटा रुग्णालय होतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलं, तिथं खर्ऱ्याविरुद्ध गावंच्या गावं उभी करण्याचा प्रयत्न झाला.

आबांचा मुद्दा वेगळाच होता. "साठी उलटली. आता सोडून काय मिळणार?" याचंही उत्तर डॉल यांच्याच कामात सापडलं. त्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांवर डॉक्टरांची १९५१ ते २००१ अशी पन्नास वर्षं नोंद ठेवली. सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची जवळजवळ सगळी दहाही वर्षं वाचली, साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांची तीन. बहिणीनं हे सांगितल्यावर आबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "तीन वर्सांत बारकी दहावी व्हईल." बारकी म्हणजे आमची पुतणी. त्या दिवशी त्यांनी बिडी सोडली नाही, पण पहिल्यांदाच सोडण्याचा हिशेब केला.

२०१८ च्या सप्टेंबरपासून तंबाखूच्या पाकिटांवर सोडण्यासाठीचा फुकट फोन नंबर छापू लागले, १८००-११-२३५६. आबांना वाचता येतं. एक दिवस २०१९ साली त्यांनीच बंडल पुढं करून विचारलं, "हा नंबर कुणाचा हाय?" आम्ही लावून दिला. पलीकडून बाई बोलल्या. त्यांनी दम दिला नाही, मरणाची भीती घातली नाही. किती ओढता, पहिली कधी ओढता, कुठं बसून ओढता, एवढंच विचारत राहिल्या. आबांनी पाऊण तास गिरणीची कथा सांगितली. शेवटी त्यांनी एक तारीख ठरवायला सांगितली. आबांनी माघी पौर्णिमा सांगितली, जानेवारी होता तो. मधल्या दिवसांत तालुक्याच्या डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम लिहून दिलं. हे डॉक्टर तरुण होते, बसा म्हणाले, स्टूल दिलं. आबांना त्याचंच जास्त कौतुक.

च्युइंगमचा गमतीचा भाग असा, की ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नसतं. दोन-चार वेळा चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास चालतं. गिळलेल्या रसानं उचक्या लागतात, पोटात जळजळतं. गालात धरून ठेवणं आपल्या लोकांना काय शिकवायचं? आबा म्हणाले, "ह्यात तर आमची पीएचडी झालीया." पण थुंकायचं नाही म्हटल्यावर अडचण आली. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. चिडचिड, घाम, झोप नाही, सगळ्यांवर ओरडणं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ही तडफड सर्वांत जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते, हे त्या फोनवरच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही तोंड बंद ठेवलं. दुसरी अडचण म्हणजे किंमत. दिवसाला आठ-दहा च्युइंगम म्हणजे बिडीच्या बंडलापेक्षा कितीतरी जास्त पैसे. हमाली केलेल्या माणसाला विष स्वस्तात मिळतं आणि उतारा महागात. २०२२ साली हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. आबांच्या वेळी ते नव्हतं. तिघांनी मिळून पैसे काढले. पट्टी परवडली नाही.

आबा दोन महिने टिकले. मग वस्तीतले त्यांचे जुने सोबती गेले. मातीला गेले तिथं सगळ्यांनी पेटवल्या, यांनीही पेटवली. परत आले ते आमच्याकडे न बघता आत गेले. या वेळी आम्ही काही चुलीत टाकलं नाही. बहिणीनं चहा ठेवला आणि म्हणाली, "बहुतेकांना दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो आबा. पुन्हा तारीख ठरवा." दुसऱ्यांदा सोडली ती त्याच वर्षी विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी. २०२० चा लॉकडाऊन आला तेव्हा टपऱ्या बंद, त्याचीही मदत झाली म्हणायची. तेव्हापासून त्यांनी बिडीला हात लावलेला नाही. दमा गेला नाही, जाणारही नाही, फुफ्फुसाचं झालेलं नुकसान परत भरून येत नाही. पण उतार थांबल्यासारखा झाला. एक उशी कमी झाली. बारकी दहावी झाली. आबा वर्षावासात आता आत बसतात, मात्र मधूनच उठून ओट्यावर जातात, पाच मिनिटं बसतात, परत येतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "सवय हाय बसायची."

इथंपर्यंत आम्ही स्वतःवर खूश होतो. आईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आई मिश्री लावते. आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या बाया लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी दात घासायच्या नावाखाली बोटानं हिरड्यांना चोळायची. मग दुपारी, मग कामावरून आल्यावर, मग निजताना. घरात तवा तापला की तो उग्र वास यायचा. आम्ही त्या वासातच वाढलो. आम्हाला तो आईचा वास वाटायचा. आबांच्या बिडीवर घरात किती भांडणं झाली, मिश्रीवर एकही झालं नाही. बिडीचा धूर दिसतो. मिश्रीचं काही दिसत नाही. बाईनं ओट्यावर बसून काही ओढलं तर गाव बोलतं. पदराआड बोट तोंडात घातलं तर कुणी बघतही नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बायकांत शंभरातल्या १७ तंबाखू वापरत होत्या. म्हणजे आपल्या राज्यात खरं दुखणं धुराबाहेरचं आहे. आमच्या घरात ते रोज तव्यावर भाजलं जात होतं आणि आम्ही बापाचे खिसे तपासत होतो.

गेल्या पावसाळ्यात बहिणीनं पडवीत एका पोटुशी मुलीला बसवलं होतं. कार्ड भरून झालं, गोळ्या दिल्या. मुलगी मिश्री लावते म्हणाली. तेव्हा बहीण तिला समजावत होती, की मुंबईत डॉ. गुप्ता यांनी १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास केला, २००४ साली तो छापून आला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या बायांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, दिवसही पुरे भरले नाहीत. "१०५ ग्रॅम म्हणजे अर्धी वाटी तांदूळ गं," असं तिनं सांगितलं. मुलगी गेली. आई आत तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून बाहेर आली आणि बहिणीला म्हणाली, "तू मांजराच्या पिलावाणी झाली व्हतीस. कापसात गुंडाळून ठेवलं व्हतं तुला. म्हंजी ते माझ्यापायी का?"

आमच्या बहिणीनं शेकडो बायांना सल्ला दिला असेल. त्या वेळी तिला काही सुचलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आये, तुला कुणी सांगितलं व्हतं का तवा?" आई म्हणाली, "न्हाई." "मग तुझ्यापायी कसं?" आई गप्प बसली. पण तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. बहीण घरी, सुईणीच्या हातावर झाली. तिचं वजन कुणी केलंच नव्हतं. त्यामुळं या प्रश्नाला उत्तर नाही आणि ते कधी मिळणारही नाही.

त्याच रात्री बहिणीनं मोबाइलची बॅटरी लावून आईचं तोंड पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती मिश्री धरते तिथं, रुपयाएवढा पांढरा, खरखरीत चट्टा. पुसून जात नव्हता. "किती दिवस आहे?" तर म्हणे, "तिखाट लागतंय दोन वर्सं झाली. म्हटलं वयानं आसंल." दोन वर्षं ती आमच्याबरोबर रोज जेवत होती. कुणी विचारलं नाही.

कोल्हापूरला तुकडा काढून तपासला. आठ दिवस निकालाची वाट पाहिली. त्या आठ दिवसांत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. निकाल असा आला, की कर्करोग नाही, पण पेशींत बदल सुरू झालेला आहे. मिश्री थांबवायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. थांबली तर असे चट्टे पुष्कळदा कमी होतात. आम्हाला वाटलं, आबांना दिलं तेच च्युइंगम आईलाही द्यावं. डॉक्टर म्हणाले, धूम्रपानाला त्याचा उपयोग जसा पक्का ठरला आहे तसा चघळण्या-चोळण्याच्या तंबाखूला ठरलेला नाही. तिथं माणसानं माणसाशी बोलत राहणं हाच जास्त खात्रीचा उपाय. गोळ्याही आहेत. त्यातली एक सायटिसिन, ती बल्गेरियात १९६४ पासून झाडाच्या बियांतून काढून देतात. पोलंडमध्ये ७४० धूम्रपान करणाऱ्यांवर ती तपासली, तेव्हा वर्षानंतर ८.४ टक्के टिकले, साध्या गोळीवाले २.४ टक्के. म्हणजे गोळी घेऊनही शंभरातले नव्वदाहून जास्त पुन्हा वळले. हे वाचलं आणि आबांबद्दलचा आमचा आदर वाढला.

आईनं डबी स्वतः टाकली नाही. बहिणीकडे दिली आणि म्हणाली, "फेकू नको. ठेव तुझ्यापाशी. मागितली तर दिऊ नको." पहिल्या आठवड्यात तिनं सात-आठ वेळा मागितली. एकदा रडली. पोट साफ होत नाही म्हणाली, दात शिवशिवतात म्हणाली. बहीण रोज संध्याकाळी तिच्याजवळ तासभर बसते. काय बोलतात ते आम्हा भावांना कळत नाही, आम्ही गेलो की गप्प होतात. दिवसा, बहीण कामावर असताना, आबा बसतात. बिडीच्या तल्लफीचा अनुभव असलेला घरात तोच एक माणूस. आई तोंडात बोट घालायला लागली की ते म्हणतात, "बडीशेप घे. पाच मिनिटं थांब. पाच मिनिटांत जातंय बघ." मग दोघं पडवीत काही न बोलता पाच मिनिटं बसतात. मधे दोनदा आईनं शेजारणीकडून चिमूटभर आणून लावली, तेही तिनंच सांगितलं.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला जायचं ठरलं आहे. आबांना एसटीत दम लागतो, म्हणून त्यांना घरी ठेवायचा आमचा विचार होता. परवा जेवताना ते म्हणाले, "मी बी येणार. खिडकीजवळची जागा तेवढी मला धरा." आई म्हणाली, "तुमी कशाला?" आबांनी ताटातून मान वर केली नाही. "वाट बघायला कोन बसणार मग?"